मिठी न मारणाऱ्यांचा देश

आमच्या नणंदेच्या नवऱ्याला घरात सगळे पाठीमागे ‘जागतिक’ म्हणतात. तोंडावर अर्थातच जावईबापू. फार पूर्वी ते एका आठवड्यात सात देश दाखवणाऱ्या सहलीला जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांना जग कळतं. कुठल्याही विषयावर अकलेचे तारे तोडायला त्यांना फक्त समोर एक माणूस लागतो. तो ऐकत असलाच पाहिजे असंही नाही.

साथ आली आणि या गृहस्थांचं नशीबच उघडलं. आम्ही भाजी धुतोय, दाराच्या कड्या पुसतोय, आणि हे रोज सकाळी कुटुंबाच्या ग्रुपवर तक्ता टाकतायत. किती आजारी, किती गेले, आणि शेवटच्या रकान्यात ‘चालीरीती’. देशांना ते नावानं ओळखतच नसत. हे गालाला गाल लावणारे, हे मिठीवाले, हे एका ताटात जेवणारे, हे लांबूनच वाकणारे. गालवाल्यांचे आकडे वाढले की यांना असा आनंद व्हायचा, जणू शेजाऱ्याचा मुलगा नापास झालाय. निष्कर्ष ठरलेला. आपण एकमेकांच्या अंगचटीला जात नाही, म्हणून आपण तक्त्यात खाली आहोत. आपले संस्कार हीच आपली लस.

मी एकदा विचारलं, ‘जिथे तपासण्याच होत नाहीत तिथे आकडा वाढणार कसा?’ त्यावर त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. नणंदेनं वेगळा निरोप धाडला, ‘वहिनी, कशाला त्यांच्या नादी लागतेस?’ खरंच, कशाला? पण माझ्या घरात नाना होते, म्हणून.

नाना म्हणजे माझे सासरे. उभी हयात सूतगिरणीत गेली, त्यामुळे छातीचा भाता आधीच निकामी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यांना ही साथ झेपणार नाही, जपा. मी जपत होते. चष्म्याच्या दुकानात माझी नोकरी, दिवसभर लोकांच्या नाकाशी नाक नेऊन काचा बसवायच्या. घरी आले की अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही आणि नानांच्या खोलीत तर पाऊल टाकायचंच नाही. त्यांना ऐकू येत नव्हतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते कपाटात टाकलं होतं. एरवी मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडायची, तरी फारसं पोचायचं नाही; आता दारात उभी राहून पांढऱ्या फळ्यावर जाड पेनानं लिहायची. ‘जेवण कसं होतं?’ ते वाचायचे आणि म्हणायचे, ‘अक्षर सुधारलं, मीठ सुधारायचं राहिलं.’ वर्षानुवर्षं एका घरात राहून आमचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट घरात फक्त मलाच ठाऊक होती असं आता वाटतं. ऐकू आलं नाही की नाना मान डोलवत. समोरच्याला ओशाळल्यासारखं होऊ नये म्हणून. समोरच्याला वाटे, पटलं.

नानांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. जागतिकांनी ग्रुपवर जाहीर केलं की सगळ्यांनी जमायचं. आपण काही मिठीवाले नाही, लांबून बसू, गप्पा मारू. मी ठणकावून लिहिलं, कोणी यायचं नाही. झालं, घरभर माझ्या नावानं शिमगा सुरू झाला. सुनेला सासरा माणसांत नको आहे, इथपर्यंत मजल गेली. आमचे हे मला म्हणाले, ‘तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण जरा गोडीत सांगायचं.’ आमच्या ह्यांना सगळं बरोबर वाटतं, ही त्यांची जुनीच अडचण आहे.

बाकीचे आले नाहीत. जागतिक आले. मी दुकानात होते.

संध्याकाळी घरी पोचले तर बाहेर त्यांच्या चपला. मी पिशवी तिथेच टाकून आत गेले. नानांच्या खोलीत पंख्यानं कागद उडतात म्हणून पंखा बंद आणि रस्त्याचा आवाज येतो म्हणून खिडकी बंद. आणि हा विद्वान माणूस तोंडावरचा मास्क हनुवटीला लटकवून, नानांच्या खुर्चीला खुर्ची लावून, त्यांच्या कानात तक्ता वाचत होता. मोठमोठ्यानं. मध्येच खोकत होता. गालवाले किती गेले, मिठीवाले किती गेले, आणि आपण कसे सुरक्षित आहोत. नाना मान डोलवत होते.

तोंडाची वाफ दवडणं म्हणतात ना, ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

‘वहिनी, नानांना सगळं पटलंय बघा,’ ते म्हणाले.

मी त्यांना हाकललं. हो, हाकललंच, दुसरा शब्द नाही. ते गेल्यावर ह्यांना विचारलं, दार का उघडलंत? तर म्हणाले, ‘अगं, जावयाला दारात कसं उभं ठेवायचं?’ साऱ्या जगाच्या चालीरीती त्या तक्त्यात होत्या, एवढी एकच नव्हती.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला, की जागतिकांना जरा कणकण आहे, हवा बदललीय. तपासून घ्या म्हटलं, तर मागून आवाज आला, ‘उगाच आकडा कशाला वाढवायचा?’ ते घरी पडून आठवड्यात ठणठणीत झाले. नानांना मात्र रुग्णालयात न्यावं लागलं.

आत कोणालाच सोडत नव्हते. एक नर्स दिवसातून एकदा फोन त्यांच्यासमोर धरायची आणि मी इकडे फळा धरायची. नाकात नळ्या, चेहरा एवढासा झालेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी दम खात खात विचारलं, ‘तो जावई... कानाशी बसून... काय वाचत होता गं?’

पुसलेलाच फळा मी पुन्हा एकदा पुसला. मग लिहिलं, ‘हवापाण्याचं.’

‘एवढा वेळ?’ नाना म्हणाले आणि हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

पुढे बंधनं सैल झाल्यावर जागतिक भेटायला आले. या खेपेला दार मी उघडलं आणि सोफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांना बसवलं. नणंद मुसमुसत होती. आमचे हे पाणी घेऊन आले. जागतिक सुरू झाले, की नानांचं वय होतं, छाती मुळातच अधू होती, असे मृत्यू खरं तर साथीत धरूच नयेत, इतर देशांत तर... माझ्या मनात त्या माणसाविषयी राग उरला नव्हता, किळस होती.

शेवटी उठता उठता आवाज खाली आणून म्हणाले, ‘शेवटी माझी काही आठवण काढली का हो त्यांनी?’

‘काढली ना,’ मी म्हटलं. ‘विचारत होते, तुम्ही त्या दिवशी काय वाचत होतात. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं त्यांना.’

त्यांनी नणंदेकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. ‘असं कसं? चांगले मान डोलवत होते की.’

‘तुम्ही लवकर थांबावं म्हणून,’ मी म्हटलं.