पावण्यांवर जळणारा शब्द

मी बोलतोय, 'पार्टी' नावाचा शब्द. जन्मानं इंग्रजी, पण कोल्हापूरकडं इतकी वर्षं काढली की मला परका म्हणावं की घरचा, हे मलाच ठरवता येत नाही. निवडणुकीत मी पक्ष असतो, वकिलाच्या टेबलावर वादी नाहीतर प्रतिवादी, मळ्यात रस्सा शिजत असला की जेवण आणि बाजारात गिऱ्हाईक. लोकांना वाटतं, केवढी ही श्रीमंती. मला मात्र शंका येते की ज्याला सगळेच कामाला लावतात, त्याला कुणी आपला मानत असेल का.

'पावणं' या शब्दाला अशी शंका कधी येत नसावी. वाट विचारणारा अनोळखी असो की मुलगी दिलेल्या घरचा सोयरा, दोघंही पावणंच. म्हणजे त्यालाही कामं अनेक. पण तो उच्चारला की बोलणाऱ्याचा आवाज मऊ होतो आणि आत चहाचं आधण चढतं. मला उच्चारलं की समोरच्याचा खिसा जोखला जातो. हेवा म्हणणं सौम्य होईल. मी त्याच्यावर जळतो.

नव्वदच्या सुमारास मी शिरोळच्या भरमाप्पांच्या तोंडी राहायला गेलो. ते बैलांचे व्यापारी. वडगावच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, खाली एकमेकांची बोटं धरायची. आकडा बोटांना कळतो, भोवतीच्यांना नाही. भरमाप्पा टॉवेल टाकत आणि भागीदार सिकंदरला हळूच सांगत, "पार्टी चांगली हाय" किंवा "पार्टी कच्ची हाय." दिवसभर माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. पण घरी आले की पायताणाबरोबर मलाही बाहेरच काढून ठेवत. आत सगळी सत्ता पावण्यांची. एकदा तरी त्या घरात मानानं शिरायचं, एवढीच माझी इच्छा होती.

मग दानेश्वरीचं, त्यांच्या मुलीचं, लग्न ठरायला आलं. मुलगा शिवकुमार, निपाणीकडचा. तिनं आईला, रत्नव्वाला, आधीच सांगून ठेवलं होतं, "अव्वा, हे मोडू देऊ नका."

बैठक बसली. सगळं जुळलं, अडलं फक्त वऱ्हाड किती आणायचं यावर. मुलाचे वडील आण्णा पाचशेवरून खाली येईनात. भरमाप्पांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि भानावर नसल्यासारखं खांद्यावरचा टॉवेल काढून आण्णांच्या हातावर टाकला. खाली बोटं चाचपत शेजारच्या सिकंदरला म्हणाले, "पार्टी लई तेज हाय."

मी घरात शिरलो होतो.

मुलाचे मामा बाळासो ताडकन उठले. "पार्टी कोण? आमचं पोरगं काय बैल हाय व्हय? दात बी बघून घ्या की त्याचं."

खरं सांगतो, क्षणभर मला आनंद झाला. आता पावणं उठून जाणार आणि त्या शब्दाचा तोरा उतरणार. मग दाराशी उभ्या दानेश्वरीचा चेहरा दिसला आणि कळलं, हे मोडलं तर या घरात माझं नाव कायमचं अपशकुनी होणार. तिच्यासाठी घाबरलो की स्वतःसाठी, हे अजून सांगता येत नाही.

रत्नव्वा पदर सावरत पुढं आली. "पावणं, बसा. माणूस मनात भरल्याबिगर ह्यांनी कधी कुणाच्या हातावर टॉवेल टाकला न्हाई. सिकंदरभाईला इचारा."

"व्हय की," सिकंदर म्हणाला. "माझा हात तर अजून धरला न्हाई."

आण्णांचा हात टॉवेलखालीच होता. त्यांनी तो काढला नाही. "बाळासो, बस खाली," ते म्हणाले. "ह्यांनी बोटं न्हाई, हात धरलाय." खाली किती ठरलं ते मला कळलं नाही, पण सुपारी फुटली. आणि त्याच संध्याकाळी रत्नव्वानं नवऱ्याला बजावलं, "तो मेला शब्द ह्या घरात पुन्हा काढायचा न्हाई."

नाही काढला. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले, भरमाप्पाही गेले. माझे अर्थ मात्र वाढतच राहिले. वाढदिवसाची पार्टी, निकालाची, नव्या गाडीची. दोन हजार पाचच्या आसपास निपाणीहून दानेश्वरीचा फोन आला. "अव्वा, शिवांशचा वाढदिवस हाय. पार्टी ठेवलीया."

"जेवण म्हण की," रत्नव्वा म्हणाली आणि फोन ठेवला.

मला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून निघाली, तेव्हा शेजारच्या धोंडुबाईनं विचारलं, "कुठं गं?"

"नातवाच्या पार्टीला," रत्नव्वा म्हणाली आणि गुडघे धरत एसटीकडं चालू लागली.

आवाज मऊ होता का? मला तसं वाटलं. नातवामुळंही असेल. वाचकहो, मला तुमच्या पावण्यांची जागा नको. पण कधी कुणाकडं निघालात आणि माझं नाव घेतलंत, तर जरा मऊ आवाजात घ्या. मी ऐकत असतो.