तुतीचे गोळे

खाटेवर तुतीचा पाला, पाटावर तुतीचा पाला, पाळण्यातसुद्धा तुतीचा पाला. माणसाने टेकावं कुठे, असं खटपटरावाच्या बायकोने सकाळीच नवऱ्याला विचारलं, तेव्हा त्याने अदबीने उंबरा दाखवला.

गावाने त्याला हे नाव उगाच दिलं नव्हतं. यंदा चारा आटला, तशी बांधावरची हिरवीगार तुती त्याच्या डोळ्यांत भरली. पाला सावलीत, घरातच वाळवायचा, म्हणजे त्याचा कस उडत नाही. मग तो कुटायचा, कोंडा नि उसाची मळी घालून मळायचा आणि मुठीएवढे गोळे वळायचे. गोळे झाले देखणे. शेजारच्या सुताराने एक तोंडात टाकला आणि मीठ कमी पडलंय म्हणून सांगितलं.

फक्त म्हैस खाईना.

तशी ती जन्माची चोरटी. समोरचं गवत टाकून सुताराच्या कुंपणाचा वेल ओढायची आणि सुतार ओरडला की आणखी चवीने चावायची. पण गोळा हुंगून तिने फुस्स केलं नि मान फिरवली. खटपटरावाने तिला गोंजारलं, ओवी म्हटली, शेवटी गव्हाणीत तोंड घालून स्वतः एक गोळा चावून दाखवला. म्हैस त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

बायकोने निकाल दिला. "संध्याकाळच्या धारेपर्यंत हिने तोंड लावलं नाही, तर सगळं चुलीत. पुन्हा घरात पान दिसलं, तर खाटेवर मी आणि तुम्ही तुतीवर."

धारेची वेळ झाली. म्हैस ढिम्म. खटपटराव गव्हाणीपाशी तोंड पाडून बसला. बायकोने गोळ्यांची टोपली उचलून दाराशी ठेवली आणि चूल पेटवायला आत वळली. मागे दावं तुटल्याचा आवाज झाला.

"ए चोरटे, सोड ती टोपली," म्हणत ती काठी घेऊन धावली. ती जसजशी ओरडेल, तसतशी म्हैस भराभर गिळत होती. टोपली चाटूनपुसून लख्ख.

पाला आजही खाटेवरच आहे. रोज धारेला टोपली दाराशी ठेवायची, दावं सैल सोडायचं आणि बायकोने काठी घेऊन शिव्या घालायच्या, असा नेम पडलाय. दम खायला ती थांबली, की म्हैसही चावायची थांबते. मग पाल्याच्या ढिगाआडून खटपटरावाचा काकुळतीचा आवाज येतो,

"अगं, जरा मनापासून ओरड. तिला ते गोळे आपलेच वाटायला लागलेत."