फुकटचे तीन इंच

लॉन्झेल पेटवे आपल्याच मातीच्या पुतळ्याशेजारी उभा राहिला आणि त्याला मान वर करावी लागली. त्रेसष्टाव्या वर्षी माणसानं स्वतःकडे मान वर करून बघावं, हे जरा अतीच होतं.

बारा वर्षं तो फिलाडेल्फियाकडून बास्केटबॉल खेळला. सात फुटी धिप्पाड गडी कंबरेत वाकून त्याला शोधायचे, तोवर हा बास्केट करून परत निघालेला असायचा. आता स्टेडियमच्या दाराशी त्याचा पुतळा बसणार होता, अगदी त्याच्याच उंचीचा. ब्राँझ सोमवारी ओतायचं होतं.

"उंची संघाच्या पुस्तकातून घेतलीय," मूर्तिकार ओडेट म्हणाली. "पाच फूट नऊ."

पेटवेनं नुसती मान हलवली. त्या पुस्तकात उंची कशी लिहितात, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बूट घालून मोजायचं आणि वर इंचभर प्रेमानं टाकायचं. पेटवेच्या वेळी मालकाला बुटका खेळाडू नको होता, म्हणून बूट-कपडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या रॉस्कोनं मोजताना हात जरा जास्तच सैल सोडला. खरी उंची पाच फूट सहा. ती पेटवेनं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

तिथून तो थेट आईच्या घरी गेला. आता तिथं थोरली बहीण व्हर्डीन राहायची. ती स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसली होती.

"मग बिघडलं काय?" सगळं ऐकून ती म्हणाली. "साठीनंतर का होईना, वाढलास एकदाचा."

"लोक त्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढणार, व्हर्डीन. बुटके लोकसुद्धा."

"काढू देत की. पण खरं सांग, तुला ते तीन इंच नकोत?"

हवे होते. जन्मभर हवे होते, आणि याचीच त्याला लाज वाटत होती. तो उठला आणि दाराच्या चौकटीवरचं कॅलेंडर त्यानं काढलं. पहिल्यांदा पत्रकार घरी आले, तेव्हा त्यानंच ते तिथं टांगलं होतं. खाली आईच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला एक. सतराव्या आणि अठराव्या वाढदिवसाची रेघ एकच होती, फक्त दुसऱ्यांदा गिरवलेली. अठराव्या वाढदिवशी तो आईच्या मागे लागला होता, जरा वर ओढ ना म्हणून.

"खोटं बोलायचं तर तू बोल," आई म्हणाली होती. "माझी पेन्सिल नाही बोलणार."

त्यानं ओडेटला फोन लावला. तासाभरात ती मोजपट्टी घेऊन आली. पेटवे बूट-मोजे काढून चौकटीला टेकला. वयानं आपलं काम केलं होतं. रेघ त्याच्या डोक्यावर अर्धा इंच राहिली.

"कुठली उंची धरू?" ओडेटनं विचारलं. "आजची?"

"रेघ धरा."

"पेटवे साहेब, तीन आठवड्यांचं काम मोडावं लागेल. सोमवार तर गेलाच." ती खरोखर वैतागली होती. "आणि संघाला काय सांगू? त्यांच्या पुस्तकात नऊ आहे."

पेटवेनं रेघेवरून अंगठा फिरवला, पुसली जाणार नाही इतक्या हलक्या हातानं.

"सांगा, त्यांनी बुटांसकट मोजलं होतं," तो म्हणाला. "आईनं मला मोजलं."

व्हर्डीननं कॅलेंडर उचललं आणि फ्रिजवर लावलं.