काचेवरची नवरी

रॅटलिफ या माहेरच्या आडनावाचा शेवटचा खोका संपला आणि ओव्हेलाने कपाळाला हात लावला. तीन गुरुवार घालवले, तीनशे बारा रॅटलिफ पाहिले आणि त्यांत आई नाही म्हणजे काय!

ओव्हेला शहात्तर वर्षांची होती आणि तिने आईचा चेहरा कधीच पाहिला नव्हता. तिला जन्म देऊन आई आठव्या दिवशी गेली, अवघी एकोणीस वर्षांची. लग्नाचा एकुलता एक फोटो पुढे घराबरोबर जळाला. वडील सांगायचे ते एवढंच, की तिचा काळाभोर शेपटा कमरेखाली यायचा. आता गावातल्या बंद स्टुडिओच्या माळ्यावर काचेच्या हजारो निगेटिव्ह सापडल्या होत्या. जुन्या दुकानांच्या आणि लाकडाच्या गिरणीच्या दप्तरांशेजारी, वाचनालयाच्या तळघरात त्या ठेवल्या होत्या. सोमवारी ट्रक येऊन सगळं विद्यापीठात नेणार होता. या वयात दीडशे मैल कोण जाणार?

"माझ्या मांडणीत चूक निघायची नाही, मावशी," डरवर्ड म्हणाला. निवृत्त पोस्टमन हा, तळघर तोच सांभाळायचा. "एकतीस वर्षं टपाल वाटलं. एक पत्र चुकलं नाही."

"माझ्या भाचीच्या लग्नाचं आमंत्रण चुकलं होतं. तिला पोर झालं तेव्हा मिळालं!"

"अजून तेच काढता का? त्यापेक्षा ती सफरचंदाची करंजी द्या इकडे."

करंजी देता देता तिने विचारलं, "ज्यांची आडनावं कळली नाहीत, त्यांचं काय केलंस?"

"टेबलाखाली आहेत, चार खोके. फोटोवाला बाहेरगावचा, धड नाव लिहील तर शपथ! ही त्याची वही बघा."

ओव्हेलाने वही उघडली. 'नऊशे चार. गिरणीच्या वरचे दोघे भाऊ. नऊशे पाच. आंधळ्या खेचराची माणसं.' ती खुदकन हसली. आंधळ्या खेचराची माणसं तिला पक्की माहीत होती. लहानपणच्या घराच्या शेजारच्याच खोऱ्यातली!

आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, मी कसली मूर्ख!" ती ओरडलीच. "तेव्हा आम्हाला नाव कोण विचारत होतं? डोंगरातून खाली आलं की सगळे विचारायचे, कुठल्या ओढ्याची गं तू? आम्ही ओढा सांगायचो, घर सांगायचो, संपलं! पंचावन्न वर्षं गावात राहून मीसुद्धा तुझ्यासारखी आडनावांत शोधत बसले!"

"म्हणजे माझ्यासारखी मूर्ख?"

"गप रे. आमचा बकआय ओढा शोध, बकआय!"

दोघं वहीवर तुटून पडली. डरवर्डने करंजीचे हात पँटला पुसले. ओव्हेला एकेका ओळीवर बोट फिरवत पानं उलटत होती.

'बाराशे सतरा. बकआय ओढा, सगळ्यांत वरचं घर. फिडलवाल्याची नवरी.'

बकआय खोऱ्यात फिडल एकाच घरात होतं. ते तिचे वडील वाजवायचे.

डरवर्ड गुडघे टेकून टेबलाखाली घुसला. पहिल्या खोक्यात नाही, दुसऱ्यात नाही. "सावकाश, फुटेल!" असं बजावणारी ओव्हेलाच त्याला घाई करत होती. तिसरा खोका धुंडाळून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बाराशे सतरा होती. त्याने काच छताजवळच्या खिडकीसमोर धरली.

एक मुलगी ताठ बसली होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, त्यामुळे चेहरा काळसर आणि खांद्यावरून पुढे घेतलेला लांब शेपटा पांढराशुभ्र. हनुवटी मात्र ओव्हेला रोज आरशात बघायची तीच. तिच्या डोळ्यांना धार लागली आणि ती हसतही होती.

"सापडली रे! सापडली माझी आई!"

डरवर्डने काच जपून खाली घेतली. "थांबा. आत्ताच छापून आणतो. केस काळेभोर होतील, एकोणीस वर्षांची छान दिसेल."

ओव्हेलाने आपल्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला.

"उद्या छाप," ती म्हणाली. "म्हातारी व्हायला तिला मिळालंच नाही. आजचा दिवस मला तिला म्हातारी बघू दे."