डिकी मिटली की मी मुका

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीच्या डिकीचा खटका आहे. विजेवर उघडणारा. स्टिअरिंगजवळचे बटण दाबले की माझ्या पोटातली इवलीशी मोटर फिरते, मी 'टक्' करून पकड सोडतो आणि झाकण वर उचलले जाते. माझ्या स्वभावाचे आधीच सांगून टाकतो. मला स्वस्थ बसवत नाही. बटण दाबलेले मला कळेल का, मी उघडेन का, अशी धाकधूक दिवसभर चालू असते. पूर्वी मी असा नव्हतो.

कारखान्यात मला हजार वेळा उघडून मिटून बघितले, मगच पास केले. शोरूममधला विक्रेता तर माझेच गोडवे गायचा. "बघा, किल्ली नको, वाकणं नको, नुसतं एक बोट!" मी इतका फुगलो होतो की विचारू नका. आमच्या डिकीला किल्लीचे भोकच नाही, याचाही मला तोरा होता. पुढे त्यानेच सगळ्यांना रडवले.

एका ताईने गाडी घेतली. पहिली काही वर्षे पिशव्या आणि छत्र्या, एवढेच काम. मग ताईच्या आईचे पाय गेले आणि डिकीत घडीची चाकांची खुर्ची आली. आईने तीस वर्षे शिवणकाम केलेले. मोठी बोलकी बाई. रोज देऊळ, बाजार, आणि दर गुरुवारी आपल्या धाकट्या बहिणीकडे जायचे म्हणजे जायचेच. खुर्ची काढा, झाकण लावा, खुर्ची ठेवा, पुन्हा लावा. दिवसातून आठ-दहा वेळा माझी टकटक चाले, आणि मला त्यात धन्यता वाटे.

एका गुरुवारी बहिणीच्या दारात गाडी थांबली. ताईने बटण दाबले म्हणे. मला काहीच कळले नाही. तिने पुन्हा दाबले, डिकीवर थापा मारल्या. आई पुढच्या सीटवर, चार पावलांवर बहिणीची पायरी, आणि खुर्ची माझ्याआड कोंडलेली. बहीण खिडकीशी उभी राहून काहीबाही बोलत होती. शेजारी गॅलरीतून बघत होते. शेवटी ताईने मागची सीट पाडली, ऑफिसच्या कपड्यांत रांगत आत आली आणि चाचपडत माझी आतली कळ ओढली. तोवर पाऊण तास झाला होता.

"राहू दे आता. परत फिर," आई म्हणाली. "आणि यापुढे मला कुठे नेऊ नकोस. लोकांना तमाशा नको."

"असं काय बोलतेस गं आई?"

आईने खिडकीची काच वर केली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गॅरेजच्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. त्याने फ्यूज बदलला, मग रिमोटचा सेल, मग बटण. डिकी मिटून अडकली तर रांगत आत कोण जाणार, म्हणून तो झाकण उघडे ठेवूनच तपासायचा. स्क्रूड्रायव्हरने माझी पकड मिटवायची आणि बटण दाबायचे. टक्! "झालं ताई, पळवा!" झाकण मिटून गाडी घरी पोहोचली की मी पुन्हा मुका. असे दोन गुरुवार गेले. आईने गुरुवारचा विषयही काढला नाही.

एकदा डॉक्टरांकडून येताना ताई आईला घेऊनच गॅरेजमध्ये शिरली. नेहमीसारखे रांगून तिने खुर्ची काढली आणि आईला टेबलापाशी बसवले. उस्तादने माझ्याकडे बोट दाखवले. "हा खटकाच गेलाय. नवीन टाकतो."

अहो, माझ्यापर्यंत वीजच येत नाही! पण मी ओरडणार कसा? त्याने स्क्रू सोडवले आणि मला भंगाराच्या डब्यात फेकले. सगळे खापर माझ्या डोक्यावर.

नवीन खटका बसला. झाकण उघडेच. टक्! "झालं, ताई!"

"उस्ताद," आई म्हणाली, "आता झाकण लावून दाखवा."

त्याने नाइलाजाने लावले. बटण दाबले. चकचकीत नवे साहेबसुद्धा गप्प! खरे सांगतो, मला डब्यात उकळ्या फुटल्या.

"मघापासून बघतेय," आई म्हणाली. "उघडं असलं की चालतं, मिटलं की नाही. माझी इस्त्री अशीच करायची. वायर मुठीपाशी वाकून वाकून आतून तुटायची, वरून मात्र धडधाकट. तुमची वायर वाकते कुठे, ते बघा."

या वेळी उस्तादलाच रांगावे लागले. झाकणाच्या बिजागरीपाशी रबराची नळी आहे, त्यातून माझी वायर येते. त्याने नळी सरकवली. वायर तुटलेली होती. झाकण वर असले की दोन टोके भिडत, खाली आले की दुरावत.

"आजी, इथंच घोडं पेंड खात होतं!" त्याने मधे नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली आणि झाकण मिटून तपासले. टक्.

"मग जुन्या खटक्याला काय झालं होतं?" आईने विचारले.

"तसं काहीच नाही."

"मग टाकलात कशाला? तोच लावा."

पुढच्या गुरुवारी आई आपणहून तयार होऊन बसली. बहिणीच्या दारात गाडी थांबताच ताई सवयीने मागची सीट पाडायला वळली.

"रांगतेस कशाला?" आई म्हणाली. "थांब, मी दाबते."

ती स्टिअरिंगकडे वाकली, पण बटण अर्धेच दाबले गेले. माझा जीव टांगणीला लागला. मग तिने पुन्हा दाबले आणि मी सगळ्या ताकदीने पकड सोडली. बहीण पायरीवरून धावत आली.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली, एखादे माणूस गप्प झाले, तर ते निकामी झाले असे लगेच ठरवू नका. त्याच्यापर्यंत काही पोहोचते आहे का, ते आधी बघा. माझी धाकधूक काही गेलेली नाही. वायर अजूनही रोज वाकते. आज पुन्हा गुरुवार आहे, खुर्ची माझ्यामागे घडी होऊन पडली आहे, आणि पुढच्या सीटवरून आईचा आवाज येतो आहे, "चल गं लवकर, ती दारात उभी असेल."