शालीला झालेला रोग

सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी सभागृहाच्या अंगणात दोन-अडीचशे माणसं काळे कपडे घालून उन्हात ताटकळत होती. कावळ्यांची शाळाच भरली होती म्हणा ना. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाचा खोकला हटत नव्हता, आणि काहींना काहीच झालेलं नव्हतं, पण शेजारीण आली म्हणून तीही आली होती. उजेडबाबांचा हुकूमच तसा होता. रोग काळा असतो, तेव्हा काळं घालून या, आणि भर उन्हात या, ट्यूबलाइटखाली बाबांचं तेज उतरत नाही.

मधोमध तिपाईवर एक छोटा कॅमेरा होता. त्याची वायर व्हरांड्याच्या सावलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडलेली होती. एकेकाने कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीकडे बघायचं. बहुतेकांचे कपडे तिथेही काळेच दिसत. मग बाबा हळहळत, रोग फार घट्ट बसलाय म्हणत, आणि त्यांचा चेला मंतरलेली काळी शाल हातात ठेवी. ती अकरा दिवस पांघरून पुन्हा यायचं. पुन्हा आलेला माणूस उभा राहिला की टीव्हीवर तीच शाल डाळिंबाच्या रसासारखी लाल दिसे. साध्या डोळ्यांना काळी, टीव्हीवर लाल. अंगणातून हुंदका आल्यासारखा आवाज निघे आणि बाबा हात वर करत. रोग जळाला म्हणे. चित्र जरा अंधूक येई, तर त्या अंधूकपणालाही बाबांनी तेजाचं धुकं असं नाव देऊन टाकलं होतं. माणूस हुशार, यात शंका नाही.

या गर्दीच्या कडेला एकजण सारखा या पायावरून त्या पायावर होत होता. बाजारात त्याला सगळे चिमटा म्हणत, कारण बावीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करताना त्याच्या बोटांत नाही तर खिशात बारीक चिमटा असायचाच. आज खिशात चिमट्याऐवजी पत्र्याची एक चपटी डबी होती आणि काखेत कागदी पुडकं. डबी तो दर मिनिटाला चाचपत होता.

सबंध रांगेत त्याला एकाच माणसाची काळजी होती, ती म्हणजे ताई. आई गेली तेव्हा चिमटा सहा वर्षांचा होता, आणि पुढे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून कान पिळण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. त्या ताईच्या गळ्याला गाठ आली होती. सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठीची लक्षणं बरी नाहीत, महिना घालवू नका, आणि गुरुवारची तारीख दिली होती. आज मंगळवार होता. पण परवा ताई त्याच्या दुकानात आली ती हातात बाबांच्या कॅमेऱ्यातला फोटो नाचवतच. बघ, म्हणाली, शाल लाल आली, रोग जळाला, आता कशाला गळा कापून घ्यायचा? भावोजी तारीख रद्द करायला निघालेच होते. मंगळवारी बाबांनी ताईला पुन्हा बोलावलं होतं, तेव्हा चिमट्याने भावोजींच्या हातापाया पडून तोवर थांबवलं.

चिमट्याने तो फोटो दुकानातल्या दिव्याखाली धरला. शाल लाल होती, मागच्या झाडांची पानं पांढुरकी होती आणि ताईचा चेहरा मेणाचा वाटत होता. असा फोटो कोणत्या बिघाडाने येतो हे त्याला ठाऊक होतं. तो बिघाड कुणी केला हेही ठाऊक होतं.

आठ महिन्यांपूर्वी एक लग्नाचे फोटो काढणारा घाईघाईत कॅमेरा घेऊन आला होता. त्याच्या शटरमध्ये वाळूचा कण अडकला होता. चिमट्याने कॅमेरा उघडला, कण काढला आणि साफ करता करता आतली नखाएवढी काच तडकवली. नवी काच मागवायची तर महिना लागणार होता आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं. चिमट्याने काचेशिवायच कॅमेरा बंद केला आणि तोंडही बंद ठेवलं. म्हटलं, रंग बिघडले की येईलच बोंबलत, तेव्हा बघू. तो आलाच नाही, आणि चिमट्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं आता त्याला खात होतं. ताईच्या फोटोत कडेला उभे असलेले उजेडबाबा म्हणजे तोच फोटोवाला होता; मधल्या काळात त्याने दाढी वाढवली होती, इतकंच.

दोन दिवस चिमट्याला धड बसवेना. या कॅमेऱ्याचा स्क्रू त्या कॅमेऱ्यात गेला, चहा समोर निवला. कबूल केलं तर बावीस वर्षांची पत पाण्यात, आणि नाही केलं तर ताई. त्याने ताईला एकटं गाठून कॅमेरा बिघडलेला असल्याचं सांगून पाहिलं, पण आपण काय केलं ते सांगायला जीभ रेटली नाही. ताई शांतपणे म्हणाली, "बाबांनी आधीच सांगितलंय, घरातलंच कुणीतरी शंका काढील." बाबांनी ते कुलूपही आधीच लावून ठेवलं होतं.

चेल्याने ताईला पुढे बोलावलं. शाल पुन्हा लाल आली, अंगणाने हात जोडले, आणि चिमट्याचे पाय त्याच्या आधीच पुढे निघाले.

"बाबा, एक विचारतो," तो म्हणाला. आवाज जरा चिरकलाच. "शालीच्या आत माणूस नसला तर काय होईल?"

बाबांनी त्याला ओळखलं. त्यांच्या पापण्या एकदाच लवल्या. मग ते गोड हसले आणि म्हणाले की शंकेखोराच्या सावलीनेही तेज विटतं, याला बाहेर न्या. चेला पुढे सरसावला. पण ताई मध्ये उभी राहिली. धाकट्या भावाला भर लोकांत हाताला धरून बाहेर काढावं हे तिला पटणारं नव्हतं, मग तो कितीही आगाऊ असो.

"त्याच्या मनाची खात्री होऊ द्या की," ती म्हणाली. "शालीला काही रोग नाही, मग जळणार काय? ती काळीच दिसेल." तिने शाल उतरवून अंगणातल्या दोरीवर टाकली.

कॅमेरा तिकडे वळवायला बाबा तयार नव्हते. गर्दीतल्या एका म्हातारबाबांनी उठून तिपाई वळवली. टीव्हीवर रिकामी शाल लालभडक लटकत होती.

कुजबुज सुरू झाली. बाबा तयारीचे होते. ते म्हणाले, "अकरा दिवस बाईंचा रोग शालीत उतरलाय, तोच जळतोय."

चिमट्याने काखेतलं पुडकं पुढे केलं. वरचं सील त्याने म्हातारबाबांकडून फोडून घेतलं. आतली काळी शाल अगदी तशीच होती, बाजाराच्या टोकाच्या दुकानातून आदल्या दिवशी आणलेली. सोबत त्याने एक काळा सुती टॉवेल टांगला. टीव्हीवर टॉवेल काळाच राहिला आणि कोरी शाल लाल झाली.

"आता हिचा कुठला रोग जळतोय?" चिमट्याने विचारलं. बाबा दाढी कुरवाळू लागले.

पुढचं बोलणं खरं अवघड होतं. चिमट्याने पत्र्याची डबी उघडली आणि तडकलेल्या निळसर काचेचे दोन तुकडे तळहातावर घेतले.

"हा चमत्कार माझा आहे," तो म्हणाला. "ही काच याच कॅमेऱ्यातली. मी फोडली आणि लपवली."

मग त्याने घाम पुसत सगळं सांगितलं. उन्हात एक उजेड असा असतो जो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. म्हणून कॅमेऱ्याच्या आत ही काच बसवतात. गाळणीने चोथा अडवावा तसा ती तो उजेड अडवते. गाळणीच नसली तर तो उजेड चित्रात लाल होऊन उतरतो. काही काळे रंग त्याला गिळतात, काही परत फेकतात, आणि या शालीचा रंग फेकणारा आहे. ट्यूबलाइटमध्ये तो उजेड जवळजवळ नसतोच, म्हणून बाबांना ऊन लागतं. अंधूक चित्रही त्या काचेच्या नसण्यानेच.

बाबा म्हणाले, हा कारागीर खोटारडा आहे, स्वतःच कबूल करतोय. चिमटा म्हणाला, अगदी बरोबर, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवूच नका, नुसतं बघा. एका मोडक्या मोठ्या कॅमेऱ्यातून काढलेली अख्खी काच त्याने लेन्ससमोर धरली. टीव्हीवर शाल काळी झाली. काढली, लाल. धरली, काळी. मग काच त्याने म्हातारबाबांच्या हातात दिली, त्यांनी पुढच्या बाईच्या. बाबांसाठी लागलेली रांग आता काचेसाठी लागली. एवढ्या गडबडीत बाबा आणि चेला मागच्या दाराने कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. कॅमेराही ते विसरून गेले.

ताईची पाळी आली तेव्हा तिने काच तीनदा धरली आणि तीनदा काढली. मग ती चिमट्याकडे वळली.

"हे तुला आठ महिने माहीत होतं?"

"काच फुटल्याचं माहीत होतं. बाकीचं परवा कळलं."

"मग परवाच का नाही बोललास?"

"लाज वाटली, ताई."

ताईने त्याचा कान पिळला, लहानपणी पिळायची तेवढ्याच जोरात, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला लाल शाल पाहिजे होती रे, म्हणाली, मला त्या सुरीची फार भीती वाटते. चिमट्यालाही वाटत होती, आणि त्याने ती कबूल केली. भावोजींनी तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला आणि गुरुवार पक्का केला.

गुरुवारी गाठ निघाली. सर्जनबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. चिमट्याच्या दुकानात त्यानंतर महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग हळूहळू लोक यायला लागले, कारण चूक सांगणारा कारागीर दुसरा कुठे मिळणार होता? बाबांचा कॅमेरा मात्र न्यायला कुणी आलं नाही. चिमट्याने त्यात नवी काच बसवली आणि पहिला फोटो ताईचा काढला, तिच्याच अंगणात, भर उन्हात. गळ्यावर पट्टी होती आणि अंगावर तीच शाल.

तो फोटो ताईने दारासमोरच्या भिंतीवर लावलाय. कुणी नव्या बाबाची गोष्ट घेऊन आलं की ती आधी त्याकडे बोट दाखवते. मान डोलवायच्या आधी विचारायचं, ती म्हणते. माणूस बाजूला काढून बघितलंत का? दुसरी वस्तू ठेवून बघितलीत का? बघू देतात का? बघू देत नसतील, तर उठायचं आणि थेट डॉक्टरकडे जायचं. एवढं बोलून ती शाल सारखी करते. फोटोतली शाल काळी कुळकुळीत आली आहे.