आत एकच जागा

कुलूप उघडण्याआधी यशोधरा दाराच्या फटीला नाक लावायची. रॉकेलचा वास, जळका वास, की नुसताच कोंडलेल्या खोलीचा वास, हे कळल्याशिवाय किल्ली फिरवायचा तिला धीर होत नसे. इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्या गल्लीतल्या पोरांना याचं फार हसू येई. "चाची सूंघ रही है," म्हणत ती तिची नक्कल करत. पोरांचं काय जातं, त्यांच्या घरात सासरा कोंडलेला नव्हता.

आज वास आला.

किल्ली कुलपात जाईना. दोनदा खाली पडली. शेजारच्या यमुनाबाई पदर खोचून धावत आल्या आणि "अरे, दे इकडे, दे!" म्हणत त्यांनीच कुलूप काढलं. आत धूर कोंदला होता. स्टोव्ह भणभणत होता, त्यावर जेवणाचा रिकामा डबा बुडाशी काळाठिक्कर पडून वाकला होता. आणि पलीकडे पाटावर बाबा बसले होते. वाल्मिक, तिचे सासरे, पंचाहत्तरी ओलांडलेले. गळ्यापर्यंत बटणं लावलेला धुतलेला सदरा, भांग पाडलेला.

"बाबा! हे काय केलं तुम्ही?"

"डबा गरम करतोय. पाळीला उशीर झाला," बाबा म्हणाले. मग तिच्याकडे नीट बघून त्यांनी अदबीने विचारलं, "आपण कोण?"

उजवा तळवा भाजून टरारून फुगला होता. त्याची त्यांना खबरच नव्हती. यशोधरा नर्सिंग होममध्ये आया होती, भाजलेल्याचं काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तिने त्यांचा हात माठाच्या तोटीखाली धरला आणि पाणी सोडलं. पण पाणी तळव्यापेक्षा जमिनीवरच जास्त सांडत होतं, तेव्हा बाबाच तिला म्हणाले, "बेटा, घाबरू नको."

यमुनाबाई स्टोव्ह विझवून दारात उभ्या राहिल्या. "बुरा मानू नको, पर मी साफ सांगते. बाहेरून ताला. आज सदऱ्यानं पेट घेतला असता, तर आम्ही काय ताला तोडत बसलो असतो? भाजून मेला असता ना म्हातारा."

 हे यशोधरेला रोज नर्सिंग होममध्ये बेडपॅन धुताना दिसायचं, फक्त कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

कुलूप तिनेच लावलं होतं, तेही भीतीपोटीच. मागे एकदा बाबा त्यांच्या जुन्या कापडमिलला कामावर जातो म्हणून निघाले आणि संध्याकाळी खान नदीच्या गाळात गुडघ्यापर्यंत रुतून उभे सापडले. मिल कधीच बंद पडली होती. सुधाकर, तिचा नवरा, त्याच मिलमध्ये सूतखात्यात होता. फाटकाला टाळं लागलं त्या दिवसापासून तो आधी युनियनच्या सभांना आणि मग सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलायला जाऊ लागला. मिलकडचे पैसे कोर्टात अडकले होते. सुधाकर आणि ती दोघं बाहेर पडल्याशिवाय चूल पेटत नव्हती, आणि दोघं बाहेर पडली की बाबा स्टोव्ह पेटवत होते. दार उघडं ठेवावं तर नदी, बंद ठेवावं तर आग. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण तिला शाळेत वाक्यात वापरायला दिली होती. तेव्हा ती अगदी सोपी वाटली होती.

रविवारी उज्जैनहून धाकटा दीर आला, ज्ञानदीप. बँकेत होता. घरात एकटाच असा होता ज्याचा पगार पहिल्या तारखेला होत असे, त्यामुळे त्याचं मतही सगळ्यात ठाम असे.

"देखो वहिनी, आश्रम म्हणजे... समाजात काय तोंड दाखवणार आपण? लोक म्हणतील, दोन दोन मुलगे आहेत आणि बापाला टाकून आले."

"मग तुमच्याकडे घेऊन जा ना, भाऊजी."

ज्ञानदीपने चहाची बशी खाली ठेवली, परत उचलली. "आमचं कसं आहे ना, तिसऱ्या माळ्यावरचा फ्लॅट आहे. गॅलरीपण उघडी."

"हां. गॅलरी," यशोधरा म्हणाली.

 मिल गेल्यापासून सुधाकर धाकट्या भावासमोर गप्पच बसे. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाला, "बेटमा रोडवर एक आहे. ट्रस्टचं. मी बघून आलो. महिन्याला सहाशे घेतात. माझ्याच्यानं अर्धे होतील, भिया."

बापाच्या बाबतीत मोठ्या भावाने आपल्याला भिया, म्हणजे दादा म्हणावं, हे ज्ञानदीपला लागलं असावं. तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "अर्धे मी देतो. पर एक करा. लोकांना सांगा की बाबा उज्जैनला माझ्याकडे आहेत."

लाज वाटणाऱ्याला लाजेची किंमत तरी द्यावी लागते, एवढ्यावर यशोधरेने समाधान मानलं.

पण पैशाने काम भागणार नव्हतं. आश्रमाच्या अटी सुधाकर ऐकून आला होता. माणूस आपल्या पायांनी चालणारा हवा, अंथरूण ओलं करणारा नको, आणि मुख्य म्हणजे मी माझ्या मर्जीने आलो असं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. डोकं फिरलेला माणूस ते घेत नसत. मग दोघांनी बाबांना शिकवायला घेतलं.

"बाबा, त्या मॅडम विचारतील. म्हणायचं, मी माझ्या मर्जीने आलो."

"कुठे?"

"इथंच. मतलब, तिथं."

"मग मर्जी तुझी की माझी?" बाबा विचारत. सुधाकर कपाळाला हात लावी आणि उठून बाहेर जाई.

जाण्याच्या दिवशी गंगवाल बसस्टँडवर यशोधरा बाबांचा सदरा धरून उभी होती. तिला दोन भीती होत्या आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. बाबांना घेतलं नाही तर काय, ही एक. आणि घेतलं तर काय, ही दुसरी. दुसरीबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती, सुधाकरशीही नाही. आपल्याला त्यांना सोडून यायचं आहे, अगदी मनापासून यायचं आहे, हे तिला कळत होतं आणि त्याचंच तिला सगळ्यात भय वाटत होतं.

आश्रमाला मोठं लोखंडी फाटक होतं. आतल्या बाजूला चौकीदाराची खोली. भिंतीलगतच्या बाकावर आधीच दोन म्हातारे बसले होते, आपापल्या लेकी-सुनांसह, आपापल्या पिशव्यांसह. थोड्या वेळाने व्यवस्थापिका बाहेर आल्या. मनोरमाबाई पुण्याच्या, यजमानांना पीथमपूरच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलेल्या. त्यांचं मराठी असं स्वच्छ होतं की यशोधरेला आपलं तोंड उघडायची भीती वाटली.

"एक गोष्ट आधीच सांगते," मनोरमाबाई म्हणाल्या, "आत एकच जागा आहे. आणि आज तुम्ही तिघं आला आहात."

बाबा बाकावरून उठले.

यशोधरेला वाटलं, झालं, आता निघाले. तिने त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला. पण बाबा फाटकाकडे गेलेच नाहीत. त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं, पाय जुळवले आणि भिंतीला समांतर ताठ उभे राहिले. त्यांचे वडील महूच्या पलटणीत होते, उभं राहणं घराण्यातच होतं. बाकीचे दोघे बसलेले, हे एकटेच उभे.

"बदली," सुधाकर पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता.

मिल चालू होती तेव्हा कायम कामगारांशिवाय बदली कामगार असत. कुणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी एका दिवसापुरता घ्यायचा माणूस. हे बदलीवाले रोज सकाळी फाटकापाशी रांगेत उभे राहत. मुकादम येई, एकेकाचं तोंड बघे आणि बोट दाखवी. बोट पडलं तो आत, बाकीचे घरी. बाबांनी उमेदीची कितीतरी वर्षं त्या रांगेत काढली होती.

"आजोबा, बसा ना," मनोरमाबाई म्हणाल्या.

"उभाच बरा, साहेब."

"नाव काय तुमचं?"

"वाल्मिक. लूमखाता."

"इथे राहायला तुम्ही तयार आहात? कुणी जबरदस्तीने नाही ना आणलं?"

"जबरदस्ती कशाची, साहेब? मी तर रोज येतो. तुम्ही घ्या, बस. खातं कोणतंही द्या. पाळी कोणतीही चालेल."

संपलं, यशोधरेच्या मनात आलं.  सुधाकर घाईघाईने पुढे झाला. "मॅडम, ते क्या है ना, मतलब... बाबांना कामाची सवय आहे म्हणून..."

मनोरमाबाईंनी त्याला हाताने थांबवलं. त्या बाबांच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. पट्टी बघून त्यांनी यशोधरेकडे मान वळवली. "हे कशाने?"

काय सांगायचं ते ठरलेलं होतं. चहा सांडला. सुधाकरने ते तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पण त्या स्वच्छ मराठीसमोर तिला ते खोटं आठवेचना, आठवला तो फक्त धूर.

"स्टोव्हवर भाजलं," ती म्हणाली. "मी ड्यूटीवर होते. बाहेरून ताला होता. मीच लावते रोज. खुला ठेवला तर नदीवर जातात." आणि मग तिला थांबता येईना. "मला खूप भीती वाटते हो, ताई. रोज वाटते. घरी जायचीपण भीती वाटते."

दुसऱ्या म्हाताऱ्यांच्या लेकी-सुनांनी माना खाली घातल्या. सुधाकरने डोळे मिटले. बाबा ताठ उभेच होते, समोर बघत. त्यांना या बायकांच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं.

 मनोरमाबाई म्हणाल्या, "दार इथेही बंदच असतं. पण आत माणसं असतात." आणि त्यांनी चौकीदाराला हाक मारून बाबांकडे बोट दाखवलं. "यांना आत घ्या. महिनाभर बघू. फाटकाशी धिंगाणा केला तर मात्र घेऊन जावं लागेल, आधीच सांगते."

यांनाच का घेतलं हे त्यांनी सांगितलं नाही आणि यशोधरेने विचारलं नाही. बाकावर बसलेल्यांकडे बघायचं तिने टाळलं.

बोट पडलं तसा बाबांचा चेहरा उजळला. असा चेहरा यशोधरेने लग्न होऊन आल्यापासून पाहिला नव्हता. त्यांनी डाव्या हाताने पिशवी उचलली आणि दोन पावलं टाकून थांबले. सुधाकर फाटकाजवळ उभा होता. त्याच्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"तुझं नाही झालं?"

 "नाही, बाबा," सुधाकर म्हणाला.

"खातं कोणतं तुझं?"

"सूतखाता."

"उद्या ये. भोंग्याच्या आधी ये, लवकर. मी आत मुकादमाशी बोलून ठेवतो." मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि सुधाकरच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि घरी आज काही बोलू नको. बायका घाबरतात."

"हो," सुधाकर म्हणाला. "लवकर येतो."

चौकीदाराने फाटक लावलं. कडी लागल्याचा आवाज झाला तेव्हा यशोधरा पुढे सरकली. आता वळतील, आता हाक मारतील, आता विचारतील की मला कुठे टाकून चाललात. तिने गजाला धरलं. बाबा फरसबंदीवरून चालत होते, पिशवी अंगाशी धरून, जरा घाईनेच.

"वळतील ना?" ती म्हणाली.

"नाही," सुधाकर म्हणाला. "ज्याला घेतलं तो मागे बघत नसतो. बाहेर राहिलेल्यांना बुरं वाटतं."

बाबा व्हरांड्याच्या पायऱ्या चढले आणि खांबाआड गेले. त्यांनी मागे बघितलं नाही. बाकावरच्या दोन्ही घरच्यांनी आपापल्या म्हाताऱ्यांना उठवलं आणि ती माणसं चालायला लागली, तशी ही दोघंही सडकेवर येऊन उभी राहिली. ऊन चढलं होतं. बेटम्याकडून इंदूरची बस आली, हॉर्न देत समोरून गेली. दोघांपैकी कुणीच हात केला नाही.